बेरुबारी : एका राहून गेलेल्या नावाची अडुसष्ट वर्षे

कायद्याच्या विद्यार्थ्यांना आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना 'बेरुबारी' हे नाव परिचयाचे असते. राज्यघटनेची उद्देशिका घटनेचा भाग आहे की नाही, या प्रश्नाच्या उत्तरात ते हटकून येते. पण बेरुबारी हे मुळात एका ठिकाणाचे नाव आहे, तेथे माणसे राहतात, भात आणि ताग पिकवतात, हे त्या उत्तरात कोठेच नसते. पश्चिम बंगालमधील जलपाईगुडी शहराच्या दक्षिणेस, बांगलादेशच्या सीमेला लागून हा टापू आहे. १९४७ पासून २०१५ पर्यंत आपण नक्की कोणत्या देशात राहणार, या प्रश्नाची टांगती तलवार घेऊन तेथील लोक जगले. त्यांचे गाव दुसऱ्या देशाला देण्याचे एकदा पंतप्रधानांनी कबूल केले, एकदा संसदेने घटनादुरुस्ती करून ठरवले आणि एकदा सर्वोच्च न्यायालयाने त्याला हिरवा कंदील दाखवला. तरीही गाव भारतातच राहिले. ते कसे, याचा हा वृत्तांत.

प्रथम नावाविषयी. कागदोपत्री या टापूचा उल्लेख 'बेरुबारी युनियन क्रमांक १२' असा होतो. यातील 'युनियन' या शब्दाचा भारतीय संघराज्याशी संबंध नाही. ब्रिटिश अमदानीत बंगालमध्ये १९१९ च्या ग्राम स्वराज्य कायद्याने काही खेड्यांचा मिळून एक गट करण्यात येई आणि त्याचा कारभार युनियन बोर्ड पाही. आपल्याकडच्या गट ग्रामपंचायतीसारखीच ही व्यवस्था. बेरुबारीचा गट जलपाईगुडी ठाण्याच्या हद्दीत होता. बंगालमध्ये 'ठाणे' म्हणजे केवळ पोलीस चौकी नव्हे. ते साधारण तालुक्याएवढे प्रशासकीय क्षेत्र असते. पुढचा सारा घोळ याच ठाण्यांच्या हद्दींवरून झाला, म्हणून हे लक्षात ठेवलेले बरे.

रॅडक्लिफ यांची ओळ

हा मुलूख सरहद्दींना सरावलेला होता. अठराव्या शतकाच्या आरंभी मोगल आणि कूचबिहारचे राजे यांच्यात तह झाला तेव्हा बोदा, पाटग्राम आणि पूर्वभाग या परगण्यांवर सत्ता मोगलांची आणि जमीनदारी कूचबिहारच्या राजाची, अशी विचित्र विभागणी झाली. एकाच्या प्रदेशात दुसऱ्याच्या गावांची बेटे तयार झाली. त्यांनाच पुढे 'छिटमहाल' म्हणू लागले. कूचबिहार संस्थान आणि ब्रिटिश मुलूख यांच्या दरम्यान ही बेटे असेपर्यंत रयतेचे फारसे अडत नव्हते. बाजारहाट, सोयरीक, शेती यांना हद्द आडवी येत नसे.

१९४७ साली सर सिरिल रॅडक्लिफ यांच्याकडे बंगालच्या विभागणीचे काम आले. त्यांना जेमतेम काही आठवड्यांचा अवधी होता. त्यांचा निवाडा १७ ऑगस्ट १९४७ रोजी प्रसिद्ध झाला. जलपाईगुडी जिल्ह्यातील तेतुलिया, पचागड, बोदा, देवीगंज आणि पाटग्राम ही पाच ठाणी पूर्व बंगालकडे, म्हणजे पाकिस्तानकडे गेली. सीमेचे वर्णन करताना रॅडक्लिफ यांनी ठाण्यांच्या जोड्या सांगितल्या आहेत. सीमारेषा अमुक ठाणे आणि तमुक ठाणे यांच्यामधून जाईल, अशी ती पद्धत. जलपाईगुडी आणि पचागड या ठाण्यांमधून रेषा पुढे येते आणि मग देवीगंज ठाण्याच्या उत्तर कोपऱ्याने कूचबिहारच्या हद्दीपर्यंत जाते, असे निवाड्यात म्हटले आहे. प्रत्यक्ष जमिनीवर मात्र पचागड आणि देवीगंज यांच्या दरम्यान बोदा ठाणे आहे. त्याची हद्द जलपाईगुडी ठाण्याला भिडलेली आहे आणि त्या हद्दीला लागूनच बेरुबारी आहे. निवाड्याच्या वर्णनात या ठिकाणी बोदाचे नावच नाही.

निवाड्यासोबत नकाशा होता, परंतु वर्णन आणि नकाशा यांत तफावत आढळल्यास वर्णनच ग्राह्य धरावे, असे रॅडक्लिफ यांनी लिहून ठेवले होते. त्यामुळे दोन अर्थ निघू शकत होते. बोदाचे नाव अनवधानाने राहिले असे मानले, तर सीमा ठाण्यांच्या हद्दीने जाते आणि बेरुबारी भारतात राहते. शब्दशः वाचले आणि दोन टोके थेट जोडली, तर बेरुबारी रेषेच्या दक्षिणेस, म्हणजे पाकिस्तानात पडते.

आरंभी हा दुसरा अर्थ कोणी काढला नाही. फाळणीपासून बेरुबारीचा कारभार पश्चिम बंगालकडेच होता. निवाड्यातील वादाचे मुद्दे सोडवण्यासाठी डिसेंबर १९४८ मध्ये दोन्ही देशांनी स्वीडनचे न्यायाधीश आल्गॉट बाग यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमण्याचे ठरवले. लवादाने १९५० च्या प्रारंभी निर्णय दिला. त्याच्यापुढेही पाकिस्तानने बेरुबारीचा विषय काढला नव्हता. तो निघाला १९५२ मध्ये. तोवर भारताची राज्यघटना अमलात येऊन दोन वर्षे लोटली होती आणि बेरुबारीचे लोक १९५२ पासूनच्या निवडणुकांचे मतदार झाले होते.

निम्मे गाव द्यायचे ठरले

१० सप्टेंबर १९५८ रोजी दिल्लीत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात सीमाप्रश्नांवर समझोता झाला. बेरुबारीचे दोन सारखे भाग करावेत, पाकिस्तानकडचा निम्मा भाग पाकिस्तानला द्यावा आणि उरलेला भारताने ठेवावा, असे त्यातील एक कलम होते. छिटमहालांची अदलाबदलही याच समझोत्यात होती. अदलाबदलीत पाकिस्तानला अधिक जमीन जाणार होती आणि त्याची भरपाई भारताने मागायची नव्हती.

दिल्लीच्या दृष्टीने पाहिले तर हा व्यवहार समजण्यासारखा होता. हजारो मैलांच्या सीमेवरील डझनभर कटकटी एका बैठकीत मिटत होत्या आणि त्यांत बेरुबारीचे एकूण क्षेत्र अवघे पावणेनऊ चौरस मैल. पण त्या पावणेनऊ चौरस मैलांत दहा ते बारा हजार माणसे होती. त्यांतील अनेक जण फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून सारे सोडून आलेले निर्वासित होते. ज्या देशातून ते निघून आले होते, तोच देश आता त्यांच्या अंगणापर्यंत येऊ घातला होता. त्यांना कोणी विचारले नव्हते. पश्चिम बंगालच्या विधिमंडळालाही आधी विचारले गेले नव्हते. बिधानचंद्र रॉय यांच्या काँग्रेस सरकारनेही केंद्रातील आपल्याच पक्षाच्या सरकारचा हा निर्णय मान्य केला नाही आणि राज्यात सर्व पक्षांतून विरोध झाला.

प्रश्न केवळ भावनेचा नव्हता. देशाच्या जमिनीचा तुकडा परराष्ट्राला देण्याचा अधिकार नक्की कोणाला? सरकारने सही केली की झाले, की संसदेची मंजुरी लागते? आणि लागत असेल तर कोणत्या प्रकारची? राज्यघटनेत याचे थेट उत्तर नव्हते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी १ एप्रिल १९५९ रोजी अनुच्छेद १४३ अन्वये सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले.

गजेंद्रगडकरांचे मत

आठ न्यायमूर्तींच्या पीठाने १४ मार्च १९६० रोजी एकमताने आपला अभिप्राय दिला. तो लिहिला होता न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. मूळचे साताऱ्याचे आणि मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले गजेंद्रगडकर पुढे १९६४ मध्ये सरन्यायाधीश झाले. महाराष्ट्राला ते प्रामुख्याने कामगार कायद्यातील निवाड्यांमुळे आठवतात, पण उत्तर बंगालमधील एका खेड्याचे भवितव्य दोनदा त्यांच्या लेखणीखालून गेले, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

केंद्र सरकारची बाजू अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. येथे कोणतीही जमीन कोणाला दिली जात नाही, रॅडक्लिफ निवाड्यात संदिग्ध राहिलेली सीमा फक्त नक्की केली जात आहे आणि असे काम सरकार आपल्या अधिकारात करू शकते, हा त्यांचा युक्तिवाद. न्यायालयाला तो पटला नाही. निवाड्याचा अर्थ लावायचा असता तर एकतर सारे बेरुबारी भारताचे ठरले असते किंवा सारे पाकिस्तानचे. निम्मे-निम्मे वाटून घेणे हा अर्थ लावणे नव्हे, ती तडजोड आहे, म्हणजेच भारताच्या प्रदेशाचा एक भाग दुसऱ्याला देणे आहे.

दुसऱ्या बाजूने एन. सी. चटर्जी यांनी थेट विरुद्ध टोक गाठले. उद्देशिकेने भारताला सार्वभौम लोकशाही गणराज्य म्हटले आहे, तेव्हा देशाची इंचभर जमीनही देण्याचा अधिकार कोणालाच, अगदी घटनादुरुस्ती करूनही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेही न्यायालयाने फेटाळले. प्रदेश मिळवणे आणि गरज पडल्यास देणे, ही दोन्ही सार्वभौमत्वाचीच अंगे आहेत. उद्देशिका ही घटनाकारांच्या मनाची किल्ली असली तरी ती घटनेचा भाग नाही. परीक्षांत विचारले जाणारे वाक्य ते हेच. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मत बदलले आणि उद्देशिका घटनेचा भाग असल्याचे सांगितले.

अभिप्रायाचा गाभा मात्र आजही कायम आहे. अनुच्छेद ३ अन्वये संसद साध्या बहुमताच्या कायद्याने राज्यांच्या सीमा बदलू शकते. उद्या एखादे गाव कर्नाटकातून महाराष्ट्रात किंवा महाराष्ट्रातून तेलंगणात घालायचे ठरले तर तेवढे पुरते. आपल्याकडच्या सीमावादात संसदेच्या अधिकाराचा जो मुद्दा वारंवार निघतो, तो हाच. परंतु गाव देशाबाहेर द्यायचे असेल तर अनुच्छेद ३ उपयोगी नाही. त्यासाठी अनुच्छेद ३६८ खाली घटनादुरुस्तीच करावी लागेल. म्हणजे साधे नव्हे, विशेष बहुमत लागेल आणि उघड चर्चेनंतर प्रत्येक खासदाराला मत नोंदवावे लागेल.

बेरुबारीच्या लोकांना यातून काय मिळाले? तत्त्व म्हणून पुष्कळ, प्रत्यक्षात फारसे काही नाही. गाव देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटलेच नव्हते. ते कसे द्यायचे, एवढे सांगितले होते. नेहरू सरकारने पाकिस्तानला दिलेला शब्द पाळायचे ठरवले आणि १९६० सालच्या डिसेंबरअखेर नववी घटनादुरुस्ती झाली. बेरुबारीचा निम्मा भाग देण्याची तरतूद देशाच्या घटनेत शब्दांनिशी दाखल झाली. फक्त हस्तांतराचा दिवस ठरवण्याचे काम केंद्र सरकारवर सोडले होते.

खटला, युद्ध आणि विलंब

तो दिवस कधी उजाडलाच नाही. जलपाईगुडीतील सहा रहिवासी कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि तेथे हरल्यावर सर्वोच्च न्यायालयात. 'राम किशोर सेन विरुद्ध भारत सरकार' या नावाने हा खटला ओळखला जातो. समझोत्यातील विभागणीचे वर्णन इतके मोघम आहे की त्याबरहुकूम दोन सारखे भाग पाडताच येत नाहीत, असा त्यांचा एक मुद्दा होता. रॅडक्लिफ यांच्या वर्णनाचा अनुभव जमेस धरता तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. पण ११ ऑगस्ट १९६५ रोजी अपील फेटाळले गेले. निकाल देणारे सरन्यायाधीश होते गजेंद्रगडकर.

याच खटल्यात शेजारच्या चिलाहाटी गावाचाही प्रश्न होता. ते गाव देवीगंज ठाण्यातले, म्हणजे निवाड्यानुसार पाकिस्तानचे. चुकून भारताच्या ताब्यात राहिलेले. ते परत करण्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही, कारण जे आपले नव्हतेच ते परत करणे म्हणजे प्रदेश देणे नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. एकमेकांना लागून असलेल्या दोन शिवारांना दोन वेगळे नियम लागले. बांधावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला हा फरक कोणत्या खुणेवरून दिसणार होता, हा प्रश्न न्यायालयापुढचा नव्हता.

निकालानंतर हस्तांतरात कायदेशीर अडथळा उरला नव्हता. पण काही आठवड्यांतच भारत-पाकिस्तान युद्ध पेटले आणि मोजणी, खांब, अदलाबदल हे सारे बाजूला पडले. त्यानंतर सहा वर्षांनी ज्या देशाला निम्मे बेरुबारी द्यायचे होते, तो देशच त्या सीमेवर उरला नाही.

नवा शेजारी, नवा सौदा

बांगलादेशाशी १६ मे १९७४ रोजी सीमा करार झाला. इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी त्यावर सह्या केल्या. बेरुबारीपुरते पारडे येथे फिरले. युनियनचा दक्षिणेकडील निम्मा भाग आणि लगतचे छिटमहाल, मिळून सुमारे २.६४ चौरस मैल, भारताने ठेवायचे ठरले. त्याच्या बदल्यात भारतीय हद्दीने वेढलेले दहग्राम आणि आंगरपोता हे छिटमहाल बांगलादेशाकडे राहणार होते आणि तेथील लोकांना मुख्य भूमीत जाता यावे म्हणून 'तीन बिघा' येथे १७८ मीटर लांब आणि ८५ मीटर रुंद जागा भारताने कायमच्या भाडेपट्ट्याने द्यायची होती.

आता खळबळ उडाली ती ढाक्यात. बेरुबारी भारताला देण्याचा सरकारला अधिकार काय, असा सवाल करीत काझी मुखलेसुर रहमान हे वकील न्यायालयात गेले. जो भाग आपल्या हाती कधी आलाच नव्हता, तो सोडण्याविरुद्ध हा दावा होता. न्यायालयाने दावा मुदतपूर्व म्हणून फेटाळला. मात्र देशाच्या प्रदेशाचा प्रश्न असेल तेथे कोणाही नागरिकाला दाद मागण्याचा हक्क आहे, हे मान्य केले. बांगलादेशातील जनहित याचिकांचा उगम त्या निकालात सांगितला जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बांगलादेशाने आपल्या घटनेत तिसरी दुरुस्ती करून करार मंजूर केला. एका खेड्यामुळे दोन देशांच्या घटना बदलल्या गेल्या आणि दोन सर्वोच्च न्यायपीठांनी पायंडे पाडले, असे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

भारताने मात्र कराराला संसदेची मंजुरी घेतली नाही. बेरुबारी वाचले होते, आता तीन बिघाच्या परिसरात भीती पसरली. बांगलादेशी रस्ता आडवा गेल्यावर पलीकडच्या कुचलीबाडी भागातील भारतीय गावे उर्वरित देशापासून तुटतील, असे तेथील लोकांना वाटत होते. बेरुबारीने ज्या भयात वीस वर्षे काढली, तेच भय काही मैलांवर सरकले. आंदोलने झाली, खटले झाले. ३ मे १९९० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, भाडेपट्टा म्हणजे प्रदेश देणे नव्हे; तीन बिघावर सार्वभौमत्व भारताचेच राहते. बेरुबारीचा दक्षिण भाग तर प्रत्यक्षात कधी दिलाच गेला नव्हता, त्यामुळे तो ठेवण्यासाठी नव्या घटनादुरुस्तीची गरज नाही, असेही न्यायालयाने सांगितले. २६ जून १९९२ रोजी तीन बिघाचा मार्ग खुला झाला, प्रारंभी ठरावीक तासांपुरता आणि २०११ पासून दिवसरात्र.

शेवटचे दीड किलोमीटर

मग बेरुबारीचे प्रकरण १९७४ मध्येच का मिटले नाही? करारात 'दक्षिण भाग भारताचा' एवढे म्हटले तरी त्या भागाची कड जमिनीवर नेमकी कोठून जाते, हे ठरायचे होते. दोन्ही बाजूंची शेते एकमेकांच्या कागदोपत्री हद्दीत शिरलेली होती. सरकारी भाषेत त्यांना 'प्रतिकूल ताब्यातील' जमिनी म्हणतात. नकाशावर एका देशाची, वहिवाट दुसऱ्या देशाच्या नागरिकाची. अशा जमिनीचा सातबारा कोणी द्यायचा? कर्जासाठी ती गहाण कशी ठेवायची? मतदार यादीत नाव आहे, पण पायाखालच्या जमिनीचा कागद नाही, हा पेच सीमेवरील हजारो कुटुंबांना ठाऊक आहे. १९९६ ते १९९८ या काळात बेरुबारी परिसराची संयुक्त मोजणी झाली, पण तिला अधिकृत रूप मिळायला आणखी बराच काळ जावा लागला.

भारत आणि बांगलादेश यांची सीमा ४०९६ किलोमीटर लांब आहे. एवढ्या लांबीपैकी जेमतेम साडेसहा किलोमीटर सीमा अखेरपर्यंत अनिश्चित राहिली होती, तीही तीन तुकड्यांत. एक त्रिपुरात, एक आसामात आणि तिसरा सुमारे दीड किलोमीटरचा तुकडा 'दैखाटा-५६' या मौजात, बेरुबारीच्या शिवाराला लागून. सप्टेंबर २०११ मध्ये ढाक्यात मनमोहन सिंग आणि शेख हसीना यांच्या उपस्थितीत जो पूरक करार झाला, त्यात या तुकड्यांची आणि बेरुबारीतील प्रतिकूल ताब्याच्या जमिनींची सीमा नव्वदच्या दशकातील त्या मोजणीनुसार कायम करण्याचे ठरले.

पण तो अमलात आणायचा तर प्रदेशाची देवघेव होणार, आणि प्रदेशाची देवघेव म्हटली की १९६० चा अभिप्राय आडवा येणार. सरकार कोणतेही असो, सही पुरेशी नव्हती. घटनादुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१३ मध्ये राज्यसभेत मांडले गेले तेव्हा सत्तेत काँग्रेस आघाडी होती. ते मंजूर झाले ७ मे २०१५ रोजी, भाजपच्या राजवटीत, लोकसभेत एकाही विरोधी मताविना. हीच शंभरावी घटनादुरुस्ती. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताचे १११ आणि बांगलादेशचे ५१ छिटमहाल एकमेकांच्या देशात विलीन झाले. पन्नास हजारांहून अधिक माणसांना त्या रात्री प्रथमच एक देश मिळाला. त्या जल्लोषाची छायाचित्रे जगभर छापून आली. बेरुबारीचे नाव त्या बातम्यांत क्वचितच होते. तेथे काही विलीन व्हायचे नव्हते. होते तेच कायम झाले.

आज दक्षिण बेरुबारी ही जलपाईगुडी सदर गटातील एक ग्रामपंचायत आहे. दोन्ही देशांत १९७५ मध्ये ठरलेल्या नियमांनुसार सीमारेषेपासून दीडशे यार्डांच्या आत संरक्षक बांधकाम करता येत नाही, म्हणून भारताचे तारेचे कुंपण सीमेवर बहुतेक ठिकाणी तेवढे आत सरकलेले असते आणि भारतीय शेतकऱ्यांची काही शेते कुंपणापलीकडे राहतात. कुंपणाची फाटके नेमलेल्या वेळी उघडतात. शेतकरी सीमा सुरक्षा दलाच्या जवानाला ओळखपत्र दाखवून आपल्याच देशातल्या आपल्याच शेतावर जातात आणि फाटक बंद होण्यापूर्वी परततात.